दगडीबाईंची उजवी दाढ आणि बिबड्यांचा वेढा

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, फाल्गुन वद्य षष्ठी, गुरुवार. इंग्रजी सन दोन हजार पंचवीस, मार्चची वीस तारीख. ते दिवशी सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडे तालुक्यातील मौजे आंबाकुंड येथे जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत आठवते तैशी लिहून ठेविली असे. कारण लोक विसरतात, आणि मग दाढ डावी होती की उजवी यावरून भांडत बसतात.

जळगाव मुक्कामी एक संस्था, ती गोरगरिबांच्या दातांची मोफत चाकरी करी, आणि तिचा फिरता दवाखाना गाडीतून गावोगाव जाई. त्या गाडीची सुभेदारी राजमान्य डॉक्टर ज्योत्स्नाबाई धुळेकर यांजकडे. वय अठ्ठावीस, हात हलका, जिद्द भारी. सारथी रुपचंदभाऊ भुसावळकर, बोलणे थोडे, झोप फार. गाडीत निळी खुर्ची, बटण दाबताच वर चढे, मागे कले, जैसी अंबारीच.

पहिल्या गुरुवारी स्वारी आंबाकुंडी दाखल जाहली, भोंग्यावरून पुकारा जाहला, आणि कोणी आले नाही. दुसऱ्या गुरुवारी एक शेळी गाडीत चढली, तीही तपासून न घेता उतरली. मग जळगावाहून संस्थेचे कार्यवाह योगेंद्रराव यांचा खलिता मोबाइलवर आला, की तिसऱ्या गुरुवारीही खुर्ची रिकामी राहिल्यास आंबाकुंडचा नाद सोडून गाडी शिंदखेड्याकडे कायमची रवाना करावी. ज्योत्स्नाबाईंस हे मानवेना. शाळेतली पोरे हसत तेव्हा किडलेले दात त्यांनी पाहिले होते, मिसरी लावून काळ्या पडलेल्या हिरड्या पाहिल्या होत्या, आणि येथून दुसरा दंतवैद्य एस. टी.च्या दोन गाड्या बदलल्यावर, हेही ठाऊक होते.

तिसरा गुरुवार उजाडला, दुपार टळली, आणि खुर्चीवर फक्त रुपचंदभाऊ निजले होते. तेव्हा बाईसाहेब पायउतार होऊन एकट्याच गावात शिरल्या. पाहतात तो काय! अंगणोअंगणी खाटा, खाटांवर जुनी लुगडी, लुगड्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, वाळत घातलेले, आणि खाटेखाटेशी एकेक बाई काठी घेऊन कावळे-शेळ्यांशी झुंजत बसलेली. अवघ्या गावास बिबड्यांचा वेढा पडला होता, आणि पहारा सोडून दवाखान्यात येणार कोण?

"डागतरीनबाई, कशा येऊत आम्ही?" सुनंदाबाई नामे धिप्पाड शेतकरीण कावळ्यावर काठी उगारून वदली. "तीन आठवडा व्हयनात, बिबडा सुकतच नही! दगडीआक्का रोज चाखस नि सांगस, वल्ला शे, आखो एक ऊन दे."

येथे दगडीबाईंचा हुद्दा सांगणे अवश्य. गावची रीत अशी, की वाळला बिबडा प्रथम दगडीबाईंनी उजव्या दाढेखाली धरावा. कड असा आवाज निघाला तर डब्यात भरण्यास परवानगी, न निघाला तर पुन्हा उन्हात. चाळीस वर्षे हा निवाडा चालला, आणि त्यांच्या हुकुमावाचून भरलेल्या डब्यास बुरशी येते, ऐसी गावाची पक्की समजूत.

ज्योत्स्नाबाईंनी खाटेवरचा एक बिबडा उचलला आणि चावला. ऐसा कडाका जाहला, की कावळे उडाले आणि सुनंदाबाईंनी डोईवरचा पदर सावरला. बिबडा कौलासारखा कोरडा! बाईसाहेबांनी मनी ताडले, की ओल बिबड्यात नाही, कसर चावण्यात आहे.

मग त्या सुनंदाबाईंस घेऊन थेट दगडीबाईंच्या ओट्यावर दाखल जाहल्या. आक्का गालाला पदर लावून, लवंग दाबून, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पूर्वीची माणसे ऐशीच. दाढ फुटेतो लवंग चघळीत, आणि विचारले तर म्हणत, डोके दुखते.

"आक्का, जोरात चावतच नाही ना तुम्ही? दुखतंय किती दिवस?"

आक्कांनी गालावरचा पदर घट्ट धरला. मग हळूच म्हणाल्या, "मनी दाढ गई, ते मना मान गया. मंग माले कोन इचारी?"

सुनंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "व माय! म्हंजे तीन आठवडा मी फुकट कावळा हाकलात?"

"गावले सांगशी ते याद राख!" आक्का गरजल्या, आणि लगेच गाल धरून खाली बसल्या.

ज्योत्स्नाबाईंनी मोबाइलचा दिवा लावून मुखरूपी किल्ल्याची पाहणी केली. उजवी दाढ आतून पोखरलेली, वाचवण्याजोगी नव्हे. मात्र डावी दाढ मिसरीने काळवंडली तरी मुळाशी भक्कम. मग ओट्यावरच तह जाहला, की प्रथम डाव्या दाढेची परीक्षा व्हावी. ती कसास उतरल्यास उजवीची गादी डावीस मिळावी, उजवीने गाडीत येऊन देह ठेवावा. आणि बिबडे आजच सुकले, ऐसे गावास सांगावे. सुनंदाबाई साक्षीदार. त्या दात-ओठ खाऊन कबूल जाहल्या.

गाव चौकात जमला. आक्कांनी सुनंदाबाईंचा बिबडा डाव्या दाढेखाली धरला, डोळे मिटले, आणि कड! आवाज मारुतीच्या पारापलीकडे गेला.

"सुकना!" आक्कांनी फर्मावले. "बठ्ठास्ना बिबडा सुकनात. डबा भरा!"

तत्क्षणी वेढा उठला, काठ्या पडल्या, डबे भरले, आणि मोकळ्या झालेल्या बायका आक्कांच्या मागे गाडीपाशी लोटल्या. रुपचंदभाऊंस खुर्चीवरून हाकलले. आक्का अंबारीत चढल्या, रक्तदाब मोजला, सुई टोचली, गाल बधिर जाहला, आणि चिमटा चालला. दाढेने दोन मुळांवर पाय रोवून मोठी झुंज दिली, परंतु अखेर पडली. कापूस दाबून अर्धा तास तोंड मिटण्याचा हुकूम सुटला. दगडीबाई अर्धा तास गप्प, हे गावाने प्रथमच पाहिले, आणि तेवढ्यात गावाने तीन जुनी भांडणे मिटवून घेतली.

आक्कांमागून खुर्चीवर दुसरा नंबर सुनंदाबाईंनी लावला. सांजेपर्यंत एकवीस असामी तपासल्या, आणि योगेंद्ररावांस फत्तेचा खलिता गेला.

पुढे ज्योत्स्नाबाई दर गुरुवारी आंबाकुंडास येत राहिल्या, आणि शाळेतली पोरे आता त्यांना दात दाखवून हसतात. योगेंद्ररावांनी शिंदखेड्यासाठी दुसरी गाडी उभी केली. रुपचंदभाऊंस निजावयास जागा उरली नाही, ते आता जागेपणी भोंगा वाजवतात. उजवी दाढ सरकारी नियमाप्रमाणे दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली. आक्कांनी परत मागितली होती, मिळाली नाही. डावी दाढ मानाने गादीवर आहे, आणि पुढल्या फाल्गुनात तिने पहिल्याच दिवशी निवाडा दिला.

सुनंदाबाईंनी तह पाळला. त्या साली बिबड्यांस तीन आठवडे का लागले, असे कोणी विचारले, की त्या म्हणतात, "हवाच वल्ली व्हती." आणि जवळ बसलेल्या दगडीआक्का आपल्या हातातला अर्धा बिबडा मोडून त्यांना देतात.