खाली पाहणारे बापूराव

बापूराव इंगळे कोणाच्याही घरी गेले, की समोर आलेला तांब्या आधी उलटा करून त्याचं बूड पाहतात. आत पाणी असलं तरी. एकदा त्यांनी असा भरलेला तांब्या माझ्या बायकोच्या साडीवर रिकामा केला आणि वर तिलाच विचारलं, "वैनी, हे तांबं झांबियाचं असंन काय हो?"

बापूराव आमचे जठारपेठेतले शेजारी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी झांबियातल्या तांब्याच्या खाणीत सुरुंग लावण्यात घालवली. अकोल्याला परतले ते एकच सिद्धांत घेऊन: देश वर यायचा तर जमीन खोदा.

"खाण आली का रस्ता येते, रस्ता आला का दवाखाना येते, दवाखाना आला का माणूस मराची घाई करत नाई. तुमी लोकं ढगाकडे पाहून राह्यले. अरे, खाली पाहा, खाली!"

गल्लीत कोणी बोअर मारत असला, की बापूराव खुर्ची घेऊन मशीनपाशी हजर. पाणी लागल्यावर सगळे नारळ फोडतात. बापूराव मात्र हळहळतात, "पाणीच लागलं काय निस्तं?"

गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजनं त्यांना खाणींवर बोलायला बोलावलं. मी गाडी काढली. बापूराव झकास बोलले. माळरानावर उभं राहिलेलं शहर, शाळा, वीज, सगळं त्यांनी मुलांच्या डोळ्यांपुढे आणलं. शेवटी एक मुलगी उठली.

"सर, खाणीच्या जागी आधी काय होतं?"

"गाव होतं. हलवलं. पक्की घरं देल्ली, नळ देल्ले. तिथली पोरं आता डॉक्टर हायत."

"अन् आमच्या वावराखाली तांबं निंघालं तर?"

"पेढे वाट, पोरी!"

हॉल हसला. मुलगी बसली नाही. "अन् तुमच्या वावराखाली निंघालं तर?"

बापूरावांनी घाईघाईनं आभार मानले आणि ते खाली बसले.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "घरी नको. बार्शीटाकळीकडे घे."

तिथल्या त्यांच्या वावरात तूर कमरेच्या वर आली होती. बांधावर निंबाखाली चुन्यानं रंगवलेला एक छोटा ओटा होता. त्यांच्या बायकोची, शांताबाईंची समाधी. बापूराव परदेशात असताना हे वावर त्या माउलीनं एकटीनं वाहिलं, आणि ते कायमचे परतले त्याच वर्षी ती गेली.

बापूरावांनी रुमालानं ओट्यावरची पाखरांची घाण पुसली आणि शेजारी मांडी घालून बसले. मग मी तिथं नसल्यासारखं तिला व्याख्यानाचं सगळं सांगू लागले. कोण हसलं, चहा कसा होता. "अन् एक पोट्टी लय हुशार होती व," म्हणाले आणि रुमालाची घडी घालू लागले.

वातावरण हलकं करावं म्हणून मी विचारलं, "काय बापूराव, इथं खाली काय असेल?"

"काई नाई," ते चटकन म्हणाले. "निस्ता दगड."

मग ओट्यावरून हात फिरवत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कोणी इचारलं तं तू बी हेच सांगजो."