अंदाजे तीस नॉट

माझी बायको नेमत गेल्याचं मला कळलं तेव्हा माझी बोट पाण्यात होती. मंगळवार होता. सकाळी तिनेच मला दवाखान्यातून हाकललं होतं. "इथे बसून माझ्या नळ्या काय मोजतोस? जा, तळ्यावर जाऊन ये." मी गेलो. साडेदहाला तिच्या थोरल्या बहिणीचा, इन्साफचा फोन आला. मी ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला, बोट काठाला आणली, बॅटरी काढली, बोट फडक्याने कोरडी पुसली आणि मग दवाखान्यात गेलो. बोट पुसल्याचं मी नंतर कुणाजवळ तरी बोललो आणि ते इन्साफच्या कानावर गेलं. तेव्हापासून ती मला दर शुक्रवारी अकराला फोन करते. जेवलास का, एवढंच विचारते. पण त्या आवाजात ते फडकं असतं.

असो. रेडिओवर चालणाऱ्या बोटीचा वेग कशाने मोजावा, हे आता इस्माइलियात कुणीही मला विचारावं. चौतीस वर्षं मी सुएझ कालव्यातल्या टगबोटींची इंजिनं खोलली आणि परत जोडली. जोडल्यावर एकही नट उरला नाही. दोनदा उरला, पण तो आधीच जास्तीचा होता. म्हणूनच सगळे मला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणतात. तेव्हा वेग मोजायचं साधन निवडणं हे माझ्यासाठी एका दुपारचं काम, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्याला तीन महिने लागले. त्यात एकदा रस्ता तुंबला आणि एका अनोळखी माणसाचे बूट गेले.

त्याआधी साधनाची गरजच नव्हती, कारण नेमत होती.

आमची पद्धत साधी होती. तळ्याची एक चिंचोळी बाजू आहे, तिथे आम्ही आठ-नऊ निवृत्त माणसं शुक्रवारी नमाजाआधी बोटी सोडतो. काठावर मी दोन झेंडे रोवले होते, पन्नास मीटर अंतरावर. पहिल्या झेंड्यापाशी मी रिमोट घेऊन उभा. बोट माझ्यासमोरून गेली की मी हात खाली करायचा. नेमतने घड्याळ सुरू करायचं आणि बोट तिच्यासमोर आली की बंद करायचं. किती सेकंदाला किती नॉट, याचा तक्ता मी तिला करून दिला होता. ती तो पर्समध्ये ठेवायची. बोट गेली की तिकडून तिचा आवाज यायचा, "तीन पॉइंट दोन. तीस." आठ वर्षं माझी बोट तीस नॉटची होती. क्लबात सगळ्यात वेगवान.

दुसरा नंबर कॅप्टन रऊफचा, बावीस. कॅप्टन म्हणजे कालव्यातून मोठमोठी जहाजं नेणारा पायलट. क्लबचं रजिस्टर त्याच्याकडे असतं. तिचा चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा विधी, झाल्यावर मी पहिल्यांदा तळ्यावर गेलो, तेव्हा नव्या वर्षाचं पान तयार होतं. माझ्या नावापुढे त्याने लिहिलं होतं, "अंदाजे तीस."

"कॅप्टन, हे अंदाजे काय आहे?"

"काही नाही रे उस्ता. लिहायची पद्धत असते."

"तुझ्या बावीसपुढे नाही लिहिलंस."

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. तुझी मोटर लिंबाएवढी. तिच्यावर तीस नॉट? नेमतबाई, अल्लाह तिच्यावर दया करो, फार मोठ्या मनाची बाई होती. नवऱ्यासाठी कुणीही बटण जरा लवकर दाबेल. माझ्या बायकोने दाबलं असतं तर मी तिचे पाय धुतले असते."

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर ते हसू काही पचेना. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईने माझ्यासाठी एक खोटं बोललेलं मला आठवत नव्हतं. माझ्या आईलासुद्धा तिने तोंडावर सांगितलं होतं की तुमची मुलोखियाची भाजी गिळगिळीत होते. अशी बाई घड्याळ लवकर दाबेल? तो एक शब्द रजिस्टरातून गेला पाहिजे, असं मी ठरवलं.

आता दुसऱ्या झेंड्यापाशी उभं कोण राहणार? कॅप्टनने मोजलेलं मी मानलं नसतं, आणि माझ्या माणसाने मोजलेलं त्याने. म्हणजे यंत्र हवं.

पहिलं यंत्र मी भंगारबाजारातून आणलं. टेनिसच्या चेंडूचा वेग मोजायची बंदूक. चेंडूवर धरायची आणि घोडा दाबायचा, आकडा येतो. भंगारवाला म्हणाला, "उस्ता, हिने विमानसुद्धा मोजता येतं." मी म्हटलं, मला बोट मोजायची आहे. तो म्हणाला, मग तर काहीच प्रश्न नाही.

शुक्रवारी मी बोट सोडली, एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात बंदूक. आकडा आला एकाहत्तर.

कॅप्टन चष्म्यावरून बघत म्हणाला, "उस्ता, या वेगाने मी कालव्यातून जहाज नेलं असतं तर ते सुएझला न थांबता थेट मक्केला गेलं असतं."

मी पुन्हा मोजलं. चौसष्ट. मग बोट काठाला आणून उभी केली आणि मोजलं. अठ्ठावन्न. उभी बोट अठ्ठावन्नने धावते म्हटल्यावर मी बंदुकीच्या रेषेत वर बघितलं. पाण्यापलीकडे रस्ता आहे. तिथून मायक्रोबस जात होत्या. बंदूक बोट सोडून त्या मोजत होती.

हे मला कळलं तेव्हाच मायक्रोबसवाल्यांनाही कळलं. एकाने मला बघून ब्रेक मारला, समोरच्याला दिवे दाखवले, त्याने पुढच्याला. पाच मिनिटांत पलीकडचा रस्ता जनाजा चालल्यासारखा हळूहळू सरकायला लागला. एक ड्रायव्हर गाडी सोडून पाण्याला वळसा घालून माझ्याकडे आला.

"पाशा, मी चाळीसच्या वर नव्हतो. आईशप्पथ."

"मी तुला नाही मोजत. मी बोट मोजतोय."

त्याने सत्तर सेंटिमीटरच्या बोटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे आता बोटींनाही दंड?"

मागोमाग वाहतुकीचा हवालदार आला. मी त्याला सगळं सांगितलं, बायको, झेंडा, घड्याळ, अंदाजे. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "चाचा, तीन वर्षं मी या रस्त्यावर आहे. गाड्या इतक्या हळू गेलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. रोज येता येईल का?"

बंदूक मी कपाटात ठेवली. दुसरं साधन म्हणजे पाण्याच्या दाबावर चालणारी एक बारीक नळी, बोटीच्या बुडाला लावायची. तिच्यात शेवाळ अडकलं आणि तिने सहा शुक्रवार शून्य दाखवलं. कॅप्टन म्हणाला, हे यंत्र निदान मर्यादेत बोलतं. तिसरं एक काडेपेटीएवढं यंत्र परदेशातून मागवावं लागतं. ते येईपर्यंत माझाच चाळिसावा होईल असं दिसत होतं.

मग मुलीला फोन केला. शहिरा कैरोला असते.

"बाबा, एवढं काय त्यात. तुमचा फोनच बोटीत ठेवा. तो वेग दाखवतो. सगळ्यात जास्त किती गेला ते साठवूनही ठेवतो."

"आणि पाणी?"

"आईच्या फ्रीजमधल्या पिशव्या आहेत ना. दोन घाला."

तिने फोनवरूनच मला सगळं लावून दिलं. पुढच्या शुक्रवारी मी फोन दोन पिशव्यांत बांधला, बोटीत ठेवला, झाकण लावलं आणि बोट सोडली. अकरा वाजायला आले होते. अकरा वाजता काय होतं हे मी विसरलो.

बोट भर पाण्यात असताना तिच्यातून गाणं वाजायला लागलं.

"उस्ता," कॅप्टन म्हणाला, "तुझ्या बोटीला कुणाचा तरी फोन आलाय."

मी काय करणार? मी फेऱ्या मारत राहिलो. गाणं थांबलं, पुन्हा लागलं. असं नऊ वेळा. दहाव्या फेरीला पंख्यात शेवाळ अडकलं आणि बोट काठापासून दहा मीटरवर थांबली. मी बूट काढले, पँट वर केली आणि पाण्यात उतरलो. पँट वर करून काही उपयोग झाला नाही, पाणी कंबरेपर्यंत होतं.

इकडे इन्साफने नऊ फोन केले होते. चाळिसावा होऊन गेलेला, माणूस एकटा, फोन उचलत नाही, आणि रस्त्यावरच्या कुणीतरी सांगितलं की तो तळ्यावर गेलाय. तिने महशीचं, म्हणजे भात भरलेल्या भाज्यांचं, भांडं उचललं, टॅक्सी थांबवली आणि आली. उतरताना तिला दिसलं ते हे: मी कपड्यांसकट, काठाकडे पाठ करून, खोल पाण्याकडे चाललोय.

"फिक्री," तिने अशी हाक मारली की पलीकडच्या मायक्रोबस पुन्हा थांबल्या. "अरे, नेमतला वर काय तोंड दाखवशील?"

टॅक्सीवाला भला माणूस. त्याने एक क्षणही वाट बघितली नाही, बुटांसकट उडी मारली आणि मागून माझ्या कंबरेला मिठी घातली.

"सोड," मी म्हटलं.

"नाही सोडणार, हाजी. काही असो, आधी बाहेर ये, चहा पिऊ, मग बघू."

"अरे, मला बोट घ्यायची आहे."

"बोट कसली, हाजी, तू घरी चल."

शेवटी त्याने मला धरलं आणि मी बोट धरली, असे आम्ही तिघे बाहेर आलो. त्याचे बूट गाळात राहिले, ते अजून तिथेच आहेत. इन्साफने माझी कॉलर धरली. मी तिच्याकडे बघितलं नाही. आधी पिशव्या सोडल्या आणि फोन बाहेर काढला. मोठ्या अक्षरांत आकडा होता. तीस.

मी फोन कॅप्टनच्या नाकासमोर धरला. त्याने तीस वाचलं. रजिस्टर काढलं, खिशातलं पेन काढलं आणि "अंदाजे"वर रेघ मारली. मग माझ्या कपाळाचा मुका घेतला. "उस्ता, चुकलो. नेमतबाईची माफी मागतो. सगळ्यांसमोर मागतो." मी सगळ्यांना चहा सांगितला. टॅक्सीवाल्याला दोन ग्लास. इन्साफ महशीचं भांडं मांडीवर घेऊन दगडावर बसली आणि म्हणाली, मला कुणी सांगेल का इथे कोण मेलंय.

सगळं तिथेच थांबायला हवं होतं. पण कॅप्टनला शिस्तीची खोड. "तीसच्या पुढे काही असेल तर तेही लिहितो," म्हणत त्याने चष्मा लावून फोन जवळ घेतला. तीस पॉइंट चार होतं. त्याखाली मुंगीएवढी अक्षरं होती, जी मला चष्म्यानेही दिसत नाहीत. त्याने ती वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"उस्ता," तो हळूच म्हणाला, "हे किलोमीटर आहेत."

नॉट म्हणजे किलोमीटरच्या जवळजवळ दुप्पट. आम्ही सगळे कालव्यातली माणसं, आमच्यात वेग म्हटला की नॉट. खाली काय लिहिलंय हे बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. तीस किलोमीटर म्हणजे सोळा नॉट. माझी बोट सोळा नॉटची होती. नेमत आठ वर्षं तीस म्हणत होती.

टॅक्सीवाल्याने दुसरा ग्लास खाली ठेवला.

"मी काही म्हणत नाही," कॅप्टन म्हणाला. "बाईमाणूस, ऊन, त्या झेंड्यापाशी तासभर उभं राहायचं. अंगठा पुढे-मागे होणारच."

"कुठल्या झेंड्यापाशी?" इन्साफने विचारलं.

मी दुसरा झेंडा दाखवला.

"तिथे? उन्हात? नेमत? तिचे गुडघे कसे होते माहीत आहे ना तुला? ती तिथे कधी उभीच राहिली नाही. ती त्या झाडाखाली बसायची." तिने अलीकडचं नांदरुकाचं झाड दाखवलं. "सावलीत. मांडीवर भाजी घेऊन. मी कितीदा तरी आलेय तिच्याबरोबर. मी म्हणायची, अगं, तो रागावेल. तर म्हणायची, त्याला कळतंय कुठे. तो बोटीकडे बघतो, मी कुठे आहे ते थोडंच बघतो."

मी झाडाकडे बघितलं. आठ वर्षं तिचा आवाज तिकडून यायचा. झेंड्याकडून येतोय असंच मी धरून चाललो होतो.

कॅप्टन उठला. पहिल्या झेंड्यापासून झाडापर्यंत त्याने मीटरएवढी पावलं टाकत मोजलं. परत आला आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर गणित मांडलं. त्याने दोनदा मांडलं. मग पान माझ्याकडे फिरवलं.

"सत्तावीस मीटर. तीन पॉइंट दोन सेकंद." त्याने आकड्यावर बोट ठेवलं. "सोळा पॉइंट चार नॉट. फोनचेही तेवढेच होतात. उस्ता, अंगठा एक केसभरही हलला नव्हता. बाईचं घड्याळ बरोबर होतं. तुझा झेंडा चुकीच्या जागी होता."

"मग अंदाजे नको," मी म्हटलं.

"अंदाजे नको. पण तीस नॉटही नाही. काय लिहू?"

मी सांगितलं. चाळीस वर्षं तीन-तीनशे मीटरची जहाजं एका रेषेत नेलेला माणूस, त्याला असं काही लिहिणं जड गेलं. त्याने पेन दोनदा उचललं, दोनदा खाली ठेवलं. मग माझ्या नावापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, "तीस, झाडापर्यंत." क्लबात पहिला नंबर आता त्याचा आहे. त्याबद्दल तो काही बोलत नाही.

इन्साफने महशी सगळ्यांना वाढली. मला वाढताना विचारलं, "जेवलास का?" या वेळी तिच्या आवाजात नुसती महशी होती.

तेव्हा साधन कुठलं घ्यावं, तर फोन घ्यावा. स्वस्त पडतो, पाण्यात वाजला तरी आकडा बरोबर देतो. किलोमीटर घालवून नॉट कसे आणायचे तेही शहिराने मला दाखवलं आहे. एक बटण दाबायचं असतं. ते दाबायचं राहिलं आहे.