राजा की बहीण?

चीफसाहेबांची आणि माझी ओळख लिफ्टमध्ये झाली, आणि पहिल्याच भेटीत मी स्वतःची शोभा करून घेतली. सिंगापूरमध्ये, क्वीन्सटाउनच्या त्या जुन्या ब्लॉकमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी फोनवर मराठीत बोलतोय हे ऐकून लिफ्टमधले पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ थेट मुद्द्यावर आले.

"भाऊ देशावर चालून आला, लढाईत मेला. राजाचा हुकूम सुटला, प्रेताला कुणी हात लावायचा नाही. बहीण म्हणते, मी त्याला मूठमाती देणारच. राजा की बहीण? लवकर बोला, तुमचा मजला आला."

मी घाबरून म्हणालो, "काका, पोलिसांत कळवलंत का?"

गृहस्थ इतके खचले की स्वतःचा मजला सोडून माझ्या मागोमाग बाहेर आले. "अहो, अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक नाटक आहे हे!"

"मग आता पोलीस तरी काय करणार?" मी म्हणालो आणि उरलीसुरली अब्रूही घालवली.

यशवंत खोत हे त्यांचं नाव. मूळचे दापोलीकडचे. तीस वर्षं बोटींवर काढली, चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त झाले, म्हणून सगळ्यांचे चीफसाहेब. बाराव्या मजल्यावर एकटेच राहत. एकदा त्यांची बोट दुरुस्तीला ग्रीसच्या बंदरात दोन महिने अडकली होती, तेव्हा उघड्यावरच्या दगडी पायऱ्यांवर बसून त्यांनी हे नाटक पाहिलं. भाषेचा एक शब्द कळला नाही. "पण त्या बाईनं मूठभर माती खाली सोडली," ते सांगत, "आणि मला उठताच येईना. शेवटी सफाईवाल्यानं उठवलं."

तेव्हापासून त्यांना हा नाद. ग्रीकांची नावं ते कधीच घेत नसत, नातं लावत. 'तो राजा', 'ती धाकटी', 'आपला अनवाणी म्हातारा'. हा म्हातारा म्हणजे भर बाजारात लोकांना अडवून 'न्याय म्हणजे काय' विचारणारा तत्त्वज्ञ. चीफसाहेब त्याची गादी हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, चालवत. कॉफीवाल्या चिनी अंकलला त्यांनी विचारलं, "यू से गुड कॉफी. व्हॉट इज गुड?" अंकल म्हणाला, "गुड मीन्स यू ड्रिंक, यू गो, नेक्स्ट कस्टमर कॅन सिट." चीफसाहेब आठवडाभर या उत्तराचं कौतुक करत होते.

कुणी "दोन्ही बाजू बरोबर आहेत" म्हटलं की मात्र ते उखडत. "व्हॉल्व्ह एक तर उघडा असतो, नाहीतर बंद. बाजू घ्या!" आमच्या मुलीनं, रेवानं, तेव्हा ती सहावीत होती, बाजू घेतली. "अंकल, सिस्टर जस्ट बरी हिम अँड पे द फाइन, लाह!" पुरायचं आणि दंड भरून मोकळं व्हायचं! सिंगापूरच्या शाळेचं हे पाणी बघून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते वर्षभरानं कळलं. एका दुपारी ते आमच्याकडे आले आणि चपला न काढता दारातच उभे राहिले. "सदूची बहीण आलीय. तिचा मुलगा क्लेमेंटीला खोली घेऊन राहतो, युनिव्हर्सिटीत. रविवारी मला भेटायला येतेय."

बायकोनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

सदू त्यांच्या इंजिनरूममधला ऑइलर, यंत्रांचं तेलपाणी बघणारा, गुहागरचा. बावीस वर्षांपूर्वी, ग्रीसच्या त्या नाटकाच्या आदल्या वर्षी, भर समुद्रात तापानं गेला. बंदर अकरा दिवस लांब. कॅप्टननं चीफसाहेबांना विचारलं, "प्रेत कोल्डरूममध्ये ठेवलं, तर कॉम्प्रेसर टिकेल? गॅरंटी देतोस?" कॉम्प्रेसर आधीपासूनच कुरकुरत होता. आत सगळ्यांचं खाणंही होतं. चीफसाहेब म्हणाले, "गॅरंटी नाही." दुसऱ्या दिवशी सदूला समुद्रात सोडलं.

"आणि कॉम्प्रेसर?" मी विचारलं.

"बंदरापर्यंत चालला. एकदाही बंद पडला नाही." ते ग्लासकडे बघत होते. "खोटं नव्हतो बोललो. पण 'प्रयत्न करतो' एवढं म्हटलं असतं, तर कॅप्टन थांबला असता. तिला पत्रात लिहिलं, काही इलाज नव्हता. आता सांगू की नको?"

मी घसा साफ केला. "तसं पाहिलं तर दोन्ही बाजूंनी—"

"तू गप्प बस," बायको म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, "आम्ही येतो रविवारी."

रविवारी चीफसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि घावण्यांची चळत रचून ठेवली होती. सुमनताई निवृत्त शिक्षिका. ठेंगण्या, ताठ. चीफसाहेब उभ्या उभ्याच, वर्गात पाठ म्हणावा तसं सगळं सांगून मोकळे झाले. कॉम्प्रेसरही सांगितला.

मी रेवाच्या फाइनचा किस्सा सांगायला तोंड उघडलं, तर बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

"सोडताना त्याच्याजवळ कोण होतं?" सुमनताईंनी विचारलं.

"मीच. ताडपत्री मीच शिवली. मंत्र काही येत नव्हता. आरती तेवढी पाठ होती, ती म्हटली. फिलिपिनो खलाशांनी टाळ्यांचा ठेका धरला."

सुमनताईंनी तोंडावर पदर धरला. खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. "आरती? सदूसाठी? अहो, आरती सुरू झाली की हा मागच्या दारानं प्रसादाकडे पळायचा!" मग हसता हसता कधी रडायला लागल्या, ते आम्हाला कळलं नाही. चीफसाहेब समोर तसेच उभे, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

बऱ्याच वेळानं सुमनताईंनी डोळे पुसले आणि ताटाकडे पाहिलं. "नुसते घावणे? रस नाही केलात?"

"गोडाचं मी... करत नाही. सदू गेल्यापासून."

"नारळाचं दूध आहे घरात?" असं म्हणत त्या उठल्याच. दूध होतं, गूळ नव्हता. मी शेजारच्या मलाय बाईंकडून गुला मलाकाची ढेप आणली. त्यांनी ती हुंगली, "माडाचा गूळच की हा!" म्हणाल्या आणि खसाखसा किसली. रस झाला. पहिली वाटी त्यांनी चीफसाहेबांपुढे ठेवली आणि ते खाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. मग स्वतः जेवल्या.

लिफ्टमध्ये मी म्हणालो, "एवढं सगळं झालं, पण राजा की बहीण, निकाल काही लागला नाही. रस मात्र फक्कड होता."

बायको म्हणाली, "अरे, तेराव्याचं गोड होतं ते. बावीस वर्षांनी दोघांचं सुतक फिटलं, आणि तू तिसरी वाटी मागत होतास."