गढ्यावरील दलियाची स्वारी

साहेब, आपण कागदी लिहिलेत की जबलपुरच्या गढ्यात भूक नाही, लोक दलिया खात नाहीत, सबब निम्मा शिधा बंद. हे धादांत खोटे. आपण भूक पाहिलीच नाही, उरलेली कढई तेवढी पाहिली. म्हणोन मी, येथील शाळेचा मास्तर, वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो.

शके १८८७, विश्वावसुनाम संवत्सरी, भाद्रपदमासी, सरहद्दीवर लढाईची गर्दी, जबलपुरी कारखाने तिन्ही पाळ्यांत धडधडत, ते समयी लहान लेकरांस दलिया देण्याचा हुकूम होऊन गढ्याच्या शाळेत कढई चढली. सरदार गणपतमामा आचारी, हत्यार पळी, रोज दोनशे लेकरांचे शिजवीत आणि चाळीस खाऊन जात आणि मग बाकीचा म्हशींस. कारण की कारखान्यातील आपली मराठी घरे फार अब्रूदार. विनताबाईंची ज्योती तीन वर्षांची, पाय काडीसारखे, चार पावलांवर खाली बसे, परंतु सासूबाई मातुश्री सत्यभामाबाई यांचे सक्त फर्मान, "आपन नोकरदार मानसं. सरकारच्या कढईपुढं वाटी धरली तर लोक काय म्हन्तीन?" ऐसी अब्रू आणि ऐसे पाय.

मग विनताबाईंनी गणपतमामांशी खलबत केले. चतुर्थीस शाळेच्या ओट्यावर गणेशमूर्ती बसली, दलियात गूळ पडला, नैवेद्य दाखविला आणि गल्लोगल्ली पुकारा जाहला की प्रसाद आहे. प्रसादास नाही म्हणणे आपले लोकांत मोठा गुन्हा. मग काय पुसता! वाट्या, ताटल्या, दुधाची पातेली घेऊन फौज लोटली आणि आघाडीस खाशा सत्यभामाबाई, ज्योती कडेवर. म्हणाल्या, "गनपतमामा, परसाद आहे, हात आखडू नका." ज्योतीने दोन वाट्या फस्त केल्या. दहा दिवस ऐसीच झुंज चालली. विसर्जन होऊन मूर्ती गेली तरी रांग हटली नाही. एकमेकींस रांगेत पाहून लाज कधीच मेली होती. अकरावे रोजी दोनशे दहा लेकरे जेवली. गढा फत्ते जाहला, ऐसी येथे नोंद करितो.

आणि बारावे रोजी आपला निम्म्या शिध्याचा हुकूम पोहोचला. शंभर लेकरांत कढई खरवडली. ज्योती एकशे चौथी होती. कोरडी वाटी घेऊन घरी आली. सत्यभामाबाई आपणांस पुसतात, "लाज सोडून आलो, तं आता काहून नाही म्हन्ता?"

जबाब लेखी द्यावा. लवकर द्यावा.