अडतीस डोळ्यांची यादी

रत्नपालला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं २००६ साली हिंगोलीत दोघांचं ठाम मत होतं. एक माझी आई सोजराबाई आणि दुसरा मी स्वतः. त्याच भरवशावर मी आमच्या नेत्रसेवा संस्थेच्या सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. आमच्या संचालिका निर्मलाबाई म्हणत होत्या की तीन दिवसांवर मोतीबिंदूचं शिबिर आलंय, ते होऊन जाऊ द्या. मी म्हटलं, मॅडम, कोणाला कळणारसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी जवळा बाजार गावातल्या आमच्या केंद्रातून फोन आला. तिथल्या ऑपरेटर मनकर्णाबाई राठोड. शिबिराच्या अडतीस पेशंटांची यादी त्यांना सर्व्हरवर पाठवायची होती आणि फाईल जात नव्हती.

"सर, परवापर्यंत बराबर जाऊन राहिली होती. आज आतच घेईना."

"पासवर्ड चुकतोय तुमचा," मी खुर्चीतून न उठता निदान केलं.

मग मी त्यांना पासवर्ड मोठ्यानं, एकेक अक्षर करून वाचायला लावला. तो मीच ठरवून दिला होता: रत्नपालसर. केंद्रात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी माझं नाव अकरा वेळा ऐकलं, फाईल काही हलली नाही. मग मी टेलिफोनच्या वायरीवर संशय घेतला. लाइनमन रामसिंग खांबावर चढला, उतरला, आणि वायर ठणठणीत असल्याचा निरोप आला. मग व्होल्टेज झालं, उंदीर झाले. सगळे निर्दोष सुटले. राहिल्या एकट्या मनकर्णाबाई. मी संध्याकाळी निर्मलाबाईंच्या नावानं पत्र टाइप केलं की जवळा बाजारच्या ऑपरेटरला साधी फाईल पाठवता येत नाही, तिथं दुसरी व्यक्ती नेमावी. ते 'मनकर्णाबाई' अशा नावानं सर्व्हरवरच ठेवलं, सावकाश प्रिंट काढू म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई एसटीनं हिंगोलीत हजर. हातात वहीच्या पानांवर लिहिलेली यादी.

"डॉक्टर उजव्याच्या जागी डावा कापतील, म्हणून आले," त्या म्हणाल्या.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसून त्यांनी अडतीस नावं टाइप केली, पुढं डोळा, शुगर, बीपी, आणि फाईल पाठवली. सर्व्हर तिथून चार हातांवर होता. त्यानं ती घेतली नाही.

"सर, इथूनबी घेईना. नव्या सिस्टीमनं दार लावून घेतलं का काय?"

तसंच झालं होतं. नव्या सिस्टीमबरोबर फायरवॉल आपोआप चालू झाली होती आणि तिनं बाहेरून येणाऱ्या फायलींची वाट बंद केली होती. शेजारच्या टेबलावरून एकदा करून बघायचं मला दोन दिवसांत सुचलं नव्हतं. घाईघाईत मी वाट उघडली, आणि सर्व्हरवरचे सगळे फोल्डरही सगळ्यांना उघडे करून ठेवले.

यादी गेली. मनकर्णाबाई मात्र पडद्याकडं बघतच राहिल्या.

"ही एक फाईल माझ्या नावाची हाय," म्हणून त्यांनी ती उघडली.

पत्र अर्ध्या पानाचं होतं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मी टेबलाखाली काहीतरी शोधत होतो, तिथं काहीच नव्हतं.

"सतरा नंबरच्या सेवा पवारचा डावा डोळा हाय. तेवढं डॉक्टरला बजावून सांगा," एवढंच बोलून त्या उठल्या.

त्या गेल्यावर मी माफीनामा लिहिला आणि निर्मलाबाईंपुढं ठेवला. त्यांनी वाचून शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि म्हणाल्या, "हा मला काहून देऊन राहिलात? ज्यांचा हाय त्यांना द्या."

धावत डेपो गाठला. बस सुटायच्या बेतात होती. मी खिडकीतून कागद आत दिला. मनकर्णाबाईंनी तो वाचला, मान हलवली. मांडीवरच्या भज्यांचं तेल साडीला लागत होतं, तर कागद पुड्याखाली सरकवला.

"घ्या सर, गरम हाईत."

मी एक घेतलं. खरं तर दोन.