अल्पमतातले अण्णा

आमच्या शेजारचे अण्णा चहासुद्धा ठराव मांडून पितात. "चहा व्हावा. अनुमोदक कोन?" असं ओट्यावरून विचारतात आणि मी हात वर केल्याशिवाय कप तोंडाला लावत नाहीत. आधी मला राग यायचा. आता मी भांडी घासता घासताच हात वर करते.

अण्णा म्हणजे मोठ्या पक्षातल्या समाजवादी गटाचे पारनेर तालुक्यातले शेवटचे सभासद. "आमी पक्षात हुतो, पन पक्षाचे न्हवतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. पक्षानं कारखानदाराला तिकीट दिलं की गट निषेध करायचा आणि मग त्याच कारखानदाराचा प्रचारही करायचा, सायकलवरून, स्वतःची भाकरी बांधून. "मग निषेध कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस चहाचा ठरावच मांडला नाही.

सध्या ते गटाचा इतिहास लिहितात. लिहितात कसले, तीन वर्षं एकाच पानावर अडलेत. गट फुटला ते पान. पक्षात राहायचं की बाहेर पडायचं, यावरून वाजलं. अण्णा राहिले. त्यांचे जिवलग शांतवन गुरुजी अर्धे लोक घेऊन बाहेर पडले. तेव्हापासून बोलणं बंद.

"त्याचं म्हननं त्याच्या तोंडून घेतल्याबिगर लिहिनार न्हाई. एकतर्फी इतिहास आमच्यात चालत न्हाई, बाई!"

गेल्या महिन्यात कळलं, गुरुजी घोडेगावात अंथरुणाला खिळलेत. अण्णांना कमी दिसतं, म्हणून नगरला एसटी बदलून मीच त्यांना घेऊन गेले.

गुरुजींनी ओळखलं. अण्णांनी वही उघडली. "बोल. गट का फोडलास?"

"लिही तुला काय लिहायचं ते," गुरुजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "तुझंच बरोबर हुतं. बाहेर पडून आमी तरी काय दिवे लावले?"

हेच ऐकायला हा माणूस जन्मभर थांबला होता. मला वाटलं, आता स्वारी खुलणार. कसलं काय! अण्णांचा चेहराच पडला.

"असं बोलू नको रे. असं तू कधीच बोलला न्हाईस."

मग वही माझ्या हातात देऊन त्यांनी गट फुटला त्या सभेतलं गुरुजींचं भाषण स्वतःच सुरू केलं. तोंडपाठ! "जो पक्ष गरिबाचं ऐकत न्हाई, त्याच्या सतरंज्या आमी किती दिवस उचलायच्या?" आपल्याच विरोधातलं ते भाषण म्हणताना अण्णांचा आवाज चढला, डोळे वाहायला लागले. लिहिता लिहिता मलाही आवरेना.

दोन मुद्दे झाले. अण्णा थांबले. "बस, एवढंच बोलला हुता," म्हणाले.

भिंतीकडचं तोंड वळलं. गुरुजी कोपरावर जोर देऊन अर्धे उठले.

"एवढंच कसं? तिसरा मुद्दा खाल्लास व्हय रे! लिहा बाई, मी सांगतो."