भिंत थरथरतेय

आमच्या सोसायटीत कुणाकडे सत्यनारायण असो, बारसं असो, की नुसता कुकर लावलेला असो, शेलारकाका पहिल्यांदा बेल वाजवत नाहीत. ते भिंतीला हात लावतात. दाराशेजारी पंजा सपाट टेकवायचा, डोळे मिटायचे, डॉक्टर पाठ तपासतात तसं जरा थांबायचं, मग दार ठोठावायचं आणि उघडणाऱ्याच्या नाकासमोर मोबाइल धरायचा. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप. काटा तांबड्यात.

"भिंत थरथरतेय," काका म्हणतात. बस, एवढंच. आतले लोक चरफडत आवाज कमी करतात आणि सुटका म्हणून प्रसादाचा द्रोण त्यांच्या हातात देतात. काका तो तिथंच उभ्यानं खातात, आणि द्रोण टाकायला आत येतात.

काका आमच्या कामोठ्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी. उभं आयुष्य तळोज्याला एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर गेलं, म्हणून आवाजाचा तिटकारा, असं ते सांगतात. दर निवडणुकीत ते बिनविरोध येतात, कारण ते काम फुकट दिलं तरी कुणाला नको असतं. काका मात्र आभाराच्या भाषणात 'आपण पुन्हा विश्वास दाखवलात' म्हणतात आणि लोक पार्किंगचं बोलायला लागतात.

बोलायला लागले की काकांचं दुसरं हत्यार बाहेर येतं. "लेखी द्या." पाणी आलं नाही, लेखी द्या. वॉचमन झोपतो, लेखी द्या. एकदा दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी लिफ्टमध्ये अडकले. आतून दार बडवून बडवून त्यांचे हात लाल झाले. काका लिफ्टच्या अगदी शेजारी, पाठमोरे, फडक्यानं नोटीस बोर्ड पुसत होते. काच चकचकीत झाली, काका घरी गेले. संध्याकाळी कुलकर्णी भांडायला गेले तर काका म्हणाले, "लेखी द्या." ऐरोलीला राहणारी काकांची मुलगी फोन करून थकते. बापाचं तिलाही एकच उत्तर, मेसेज कर.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे मी त्यांच्या गाडीत कसा बसलो ते कळेल. मी हिंगोलीकडचा. आठवीतून शाळा सोडली, पण शाळेनं मला सोडलं नाही, आज कामोठ्यात शाळेचीच व्हॅन चालवतो. एकट्या पुरुषाला भाड्यानं घर द्यायचं नाही असा सोसायटीचा ठराव. तो मांडला काकांनी आणि माझ्यासाठी मोडलाही काकांनीच. त्यांच्या शेजारचं घर मला मिळालं, मधली भिंत एकच. मीटिंगमध्ये म्हणाले, "हा दिवसभर लेकरांच्या गोंगाटात असतो, घरी आल्यावर गप बसेल." त्या उपकाराची मला इतकी धास्ती, की आल्यापासून मी भाकरी थापत नाही, लाटतो. लाटलेली भाकरी माझ्या आईनं बघितली तर मला घरात घेणार नाही. पण हे घर गेलं तर जाणार कुठं?

तर श्रावणात एके दिवशी भिंतीपलीकडून मेसेज आला. 'रविवारी साताऱ्याच्या वर पठारावर लोकसंगीताचा मेळा. धनगरांचे गजी ढोल बाराला. त्याच्या आत पोचायचं. यंदा चुकवून चालणार नाही. तू बरोबर ये. शेलार.' पलीकडच्या खोलीत बसलेला माणूस सही करून मेसेज पाठवतो.

बिल्डिंगमध्ये दोन दिवस हाच विनोद. आवाजाचा दुश्मन ढोल ऐकायला चालला. तिसऱ्या मजल्यावरच्या नाईकवहिनी मला जिन्यात म्हणाल्या, "अरे, डोंगराला नोटीस चिकटवायला चाललेत. गोंद घेतलास ना?" मीही हसलो. आत मात्र वाटत होतं, बारा चुकले तर काका मला बाहेर काढतील.

गाडी काकांनी स्वतः चालवली. मी रोजचा ड्रायव्हर, पण काकांचं म्हणणं, मी हॉर्न फार मारतो. त्यांनी स्वतःच्या गाडीच्या हॉर्नची वायरच सोडवून ठेवली होती. पुण्यापर्यंत बरं गेलं. सातारा सोडून घाट लागला तसा पाऊस आला, आणि पावसामागून धुकं. प्रत्येक वळणावर पाटी, हॉर्न वाजवा. प्रत्येक पाटीला काका मान डोलवायचे, जणू सूचना रेकॉर्डवर घेतली. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता तरी मी तो इतका दाबला की पोटरीत गोळा आला.

तेवढ्यात मागं एसटी आली. तिचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. मला वाटलं बस आता डिकीतून आत येते. काका आपले रस्त्याच्या मधून, वरातीच्या चालीनं. मी ओरडलो, "काका, साइड द्या, मागं एसटी हाय." काकांनी माझ्याकडे एक नजर टाकली, माझं तोंड हलताना बघितलं आणि म्हणाले, "लेखी दे."

शेवटी एसटीनं कशीबशी बाजू काढली. ड्रायव्हर खिडकीतून आमच्या सात पिढ्यांचं काढून गेला. काकांनी त्याला हसून हात केला.

पठार थोडंच उरलं असताना दरडीचा गाळ रस्त्यावर आला. पुढं गाड्यांची रांग, जेसीबी यायचा होता. काकांनी घड्याळ बघितलं, चपला काढून हातात घेतल्या आणि पावसात उतरले. "चल," म्हणाले. सोसायटीत जिना चढताना दर मजल्याला टेकणारा माणूस, पण तो चढ चिखलातून न थांबता चढत होता. मी मागून घसरत, मनातल्या मनात शिव्या देत.

एका वळणाला वरून ढोल ऐकू यायला लागले. ऐकू यायला लागले म्हणजे काय, सगळी दरी घुमत होती. झाडांवरचं पाणी पडत होतं ते पावसाचं की ढोलाचं, कळेना. काका थांबले. माझ्याकडे वळले. तोंड पार उतरलेलं.

"सुरू झाले का रे?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं चेष्टा करतायत. "वाजतायत की," मी म्हणालो. ते माझ्या ओठांकडे बघत होते. ओठ हलायचे थांबताच काका पळत सुटले.

वर मांडव गळत होता, माइक केव्हाच बंद पडला होता. पब्लिक वैतागलेलं. ढोलवाले मात्र माइक नसल्याच्या आनंदात असल्यासारखे गोल करून वाजवत होते. काकांनी माणसं बाजूला सारली आणि थेट त्या गोलात शिरले. फेटा बांधलेला एक म्हातारा सगळ्यात मोठा ढोल गळ्यात अडकवून वाजवत होता. काकांनी त्याच्या ढोलाला पंजा सपाट टेकवला. मी डोळे मिटून घेतले. आता मोबाइल निघणार, आणि आम्ही मार खाणार.

उघडले तेव्हा म्हातारा वाजवता वाजवता हनुवटीनं काकांच्या कानाकडे खूण करून भुवई उडवत होता, ऐकू येतं का? काकांनी नाही म्हणून मान हलवली. इतकी सरळ, की ती कबुली त्यांनी आजवर कुणालाच दिली नसावी. म्हाताऱ्यानं हात थांबवला नाही. फक्त पट्टा खांद्यावरून सरकवला, ढोलाची कूस काकांच्या छातीला लावली आणि टिपरू जोरात हाणलं. काकांनी दोन्ही हातांनी ढोल कवटाळला. डोळे मिटलेले. सत्यनारायणाच्या दारात भिंतीला हात लावून उभे असतात तेव्हाचाच तो चेहरा. आम्ही वर्षानुवर्षं त्या चेहऱ्याला खडूस म्हणत आलो होतो.

उतरताना चावी मी मागितली नाही, हातातून काढून घेतली. मला रागच आला होता. कानानं बंद माणूस मला धुक्यातून वर घेऊन आला होता. पहिल्या वळणाला गाडी थांबवून मी आधी हॉर्नची वायर जोडली. मग त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश विचारलं, कानाला मशीन का नाही लावत?

"पहिल्यासारखं होणार नाही म्हणतो डॉक्टर," काका म्हणाले. त्यांनी काचेवरची वाफ पंजानं पुसली. "आणि कानात ते दिसलं की लोक दया करतात रे. मग कोण येतंय? आत्ता भांडायला तरी येतात."

मी सोसायटीत कुणाला काही बोललो नाही. नाईकवहिनींनी विचारलं, लावली का नोटीस डोंगराला. म्हटलं, लावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परात ओट्यावरून उचलून मधल्या भिंतीला चिकटून खाली ठेवली, पीठ मळलं आणि भाकरी थापायला घेतली. आईसारखी, हात उचलून. तिसऱ्या भाकरीला दार वाजलं. काका. एक पंजा भिंतीवर, दुसऱ्या हातात मोबाइल.

"भिंत थरथरतेय."

"लेखी द्या," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि आपल्या घरात गेले. म्हटलं, गेलं घर. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तेवढ्यात फोन वाजला.

'उद्यापासून दोन भाकरी जास्त थाप. शेलार.'